शौचालयाचे भांडे निवडताना: प्रकार, मापे आणि फ्लशची यंत्रणा

घर नवे बांधले जात असो किंवा जुन्या शौचालयाची दुरुस्ती निघालेली असो, टाइल्सचा रंग ठरवण्यात घरातली मंडळी कितीतरी दिवस घालवतात आणि शौचालयाचे भांडे मात्र मांडून ठेवलेल्या नमुन्यांतून अर्ध्या तासात पसंत करून मोकळी होतात. वास्तविक चांगले भांडे वीस वर्षे सहज टिकते, घरातला प्रत्येकजण ते रोज वापरतो, आणि निवड चुकली तर ती सुधारण्यासाठी फरशी फोडण्याची वेळ येऊ शकते. आपल्याकडे कोणते भांडे बसू शकेल, हे बहुतांशी फरशीखालच्या आणि भिंतीतल्या पाइपांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून या लेखात आधी पाइप आणि त्याचे अंतर, मग भोवतालची जागा, त्यानंतर बैठकीचा प्रकार आणि मग फ्लश, असा क्रम घेतला आहे. रंगरूपाचा विचार या सगळ्यानंतर करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ट्रॅपमधले पाणी कशासाठी असते

भांड्याच्या तळाशी जे पाणी नेहमी साचलेले दिसते, ते फ्लशनंतर उरलेले पाणी आहे असा अनेकांचा समज असतो. ते पाणी मुद्दाम तिथे राखलेले असते. भांड्याचा निचरा जिथून होतो, तो मार्ग आधी खाली जातो, मग वर चढतो आणि पुन्हा खाली उतरतो, त्यामुळे त्या वळणात पाणी अडून राहते आणि सांडपाण्याच्या पाइपमधला वायू, दुर्गंधी आणि किडे यांना खोलीत यायला वाट उरत नाही. या वळणालाच ट्रॅप म्हणतात. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७७५ मध्ये अशा वळणदार पाइपच्या शौचपात्राचे पेटंट घेतले होते, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक कमोडमध्ये तेच तत्त्व वापरलेले आहे.

या अडवलेल्या पाण्याची खोली किमान ५० मि.मी. असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. खोली त्याहून कमी असेल तर पाणी आटल्यावर किंवा पाइपमधल्या दाबाच्या चढउतारात अडसर लवकर मोडतो. घरातले एखादे शौचालय महिनोन् महिने वापरले गेले नाही आणि तिथे कुबट वास येऊ लागला, तर पुष्कळदा ट्रॅपमधले पाणी वाळून गेलेले असते आणि बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. वापरातल्या शौचालयात मात्र वास येत असेल, किंवा दुसऱ्या नळाचे पाणी सोडल्यावर भांड्यात गुडगुड आवाज होऊन बुडबुडे येत असतील, तर संशय व्हेंट पाइपवर घ्यावा. छतापर्यंत नेलेला हा हवेचा पाइप नसेल किंवा तुंबला असेल, तर वाहत्या सांडपाण्यामागे तयार होणारी पोकळी ट्रॅपमधले पाणी ओढून नेते. अशा वेळी नवे भांडे बसवून काहीही साधत नाही.

एस ट्रॅप, पी ट्रॅप आणि भिंतीपासूनचे अंतर

भांड्याच्या निचऱ्याचे तोंड खाली फरशीत उघडत असेल तर तो एस ट्रॅप, आणि मागे भिंतीकडे आडवे जात असेल तर पी ट्रॅप. खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या शौचालयातला सांडपाण्याचा पाइप फरशीतून येतो की भिंतीतून, हे पाहून लिहून ठेवावे. पाइपचा व्यास साधारणपणे १०० ते ११० मि.मी. असतो.

एस ट्रॅपसाठी सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे भिंतीपासून फरशीतल्या पाइपच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर. हे अंतर टाइल्स लावून झालेल्या भिंतीपासून मोजायचे असते. गिलावा आणि टाइल मिळून सहज ३० ते ४० मि.मी. खातात, म्हणून उघड्या विटांच्या भिंतीपासून घेतलेले माप हमखास चुकते. बाजारात १०० मि.मी., २२५ मि.मी. आणि ३०० मि.मी. अशा, म्हणजे सुमारे ४, ९ आणि १२ इंचांच्या अंतरांची भांडी सर्रास मिळतात आणि काही देशांत १० व १४ इंचांचीही असतात. आपले अंतर भांड्याच्या अंतरापेक्षा कमी असेल तर टाकी भिंतीला अडते आणि भांडे पाइपवर येतच नाही. अंतर जास्त असेल तर भांडे बसते, पण मागे एक अरुंद फट उरते, ज्यात झाडू जात नाही आणि धूळ साचत राहते.

जुने भांडे जागेवर असतानाही हे माप घेता येते. फरशीतल्या फ्लँजला, म्हणजे पाइपच्या तोंडावरच्या रुंद कडीला, बोल्टने आवळलेले कमोड असेल, तर दोन्ही बाजूंचे बोल्ट पाइपच्या मध्याच्या रेषेत असतात, म्हणून भिंतीपासून बोल्टच्या मध्यापर्यंत टेप धरावी. टेप जमिनीलगत आणि भिंतीशी काटकोनात ठेवावी, आणि स्कर्टिंगची पट्टी असेल तर तिची जाडी मापात मिळवून घ्यावी, कारण टाकी पट्टीच्या वर भिंतीला टेकणार असते. बोल्ट दोन्ही बाजूंनी मोजावेत. दोन मापांत फरक आला तर भांडे तिरके बसले आहे असे समजून सरासरी घ्यावी. भांडे फरशीला निराळ्या पद्धतीने स्क्रूने बसवलेले असेल तर बोल्टवरून अंदाज न बांधता मागून पाइप जिथे दिसतो तिथे पाहावे, किंवा बांधकामाचा नकाशा मिळत असेल तर तो काढावा.

पी ट्रॅपमध्ये भिंतीपासूनच्या अंतराचा प्रश्न येत नाही, तिथे उंची पाहायची असते. जमिनीवर बसणाऱ्या पी ट्रॅप कमोडसाठी तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची बहुधा १८० मि.मी.च्या आसपास, तर भिंतीला टांगलेल्या कमोडसाठी २२० ते २३० मि.मी.च्या आसपास असते. फरशी बसवण्याआधी पाइप टाकला जात असेल तर फरशीची आणि तिच्याखालच्या मसाल्याची जाडी धरूनच ही उंची ठरवावी.

एक सोय इथे सांगण्यासारखी आहे. पी ट्रॅपचे भांडे बाकदार जोडणी वापरून फरशीतल्या पाइपला जोडता येते, पण एस ट्रॅपचे भांडे भिंतीतल्या पाइपला जोडता येत नाही. म्हणून नवे बांधकाम असेल आणि दोन्ही पर्याय खुले असतील, तर मी पी ट्रॅपकडे झुकेन. पुढे भांडे बदलताना निवड मोठी राहते, आणि जोडणी भिंतीजवळ असल्याने गळती झाली तर ती लवकर लक्षात येते. मध्यबिंदू थोडा सरकवणारी ऑफसेट जोडणीही मिळते, पण तिच्यामुळे मैल्याच्या मार्गात एक जास्तीचे वळण येते, तेव्हा ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी.

भोवतालची जागा

भांड्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंच्या भिंतीपर्यंत किंवा बेसिनपर्यंत किमान ३८० मि.मी. जागा हवी आणि ४५० मि.मी. मिळाली तर बसणे-उठणे खरोखर सुखाचे होते. भांड्याच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत किंवा दारापर्यंत किमान ५३० मि.मी., शक्यतो ६०० मि.मी. मोकळे असावे. दार आत उघडत असेल तर त्याचा पूर्ण फेरा फरशीवर खडूने आखून पाहावा. दार भांड्याला घासून जाते ही तक्रार फार सर्रास आढळते आणि ती आधी टाळणे अगदी सोपे असते.

जमिनीवरचे टाकीसह कमोड भिंतीपासून साधारण ६५० ते ७५० मि.मी. पुढे येते. भांड्याची पुढची बाजू गोल असेल तर सीटच्या बोल्टपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे ४२० मि.मी. असते आणि लांबट असेल तर सुमारे ४७० मि.मी. हा ५० मि.मी.चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण प्रौढ माणसाला लांबट भांड्यावर बसणे स्पष्टपणे आरामाचे वाटते, तर चिंचोळ्या खोलीत तेच ५० मि.मी. गुडघ्यापुढच्या जागेतून जातात. निर्णय घेण्याआधी निवडलेल्या भांड्याच्या मापाचा पुठ्ठा कापून जागेवर ठेवावा, त्यामागे एक स्टूल ठेवून बसून पाहावे, दार उघडून-लावून पाहावे. नकाशातल्या आकड्यांनी जे कळत नाही ते यातून पाच मिनिटांत कळते.

बैठकीचे प्रकार

उकिडवे बसण्याचे भांडे, ज्याला प्लंबर मंडळी ओरिसा पॅन म्हणतात, फरशीच्या पातळीत बसते. त्याला शरीराचा स्पर्श होत नाही, मोडण्यासारखे काही नसते, आणि उकिडव्या बैठकीत गुदाशयाचा कोन सरळ होत असल्याने शौचाला कमी जोर लागतो. साधारण ५८० मि.मी. लांबीचे भांडे प्रौढांना पुरते. मात्र त्याचा ट्रॅप फरशीखाली येत असल्यामुळे तेवढ्या भागात स्लॅब सुमारे ३०० मि.मी. किंवा अधिक खाली घ्यावा लागतो आणि त्या खोलगट भागाचे जलरोधन नीट झाले नाही तर खालच्या मजल्याच्या छतावर ओल उतरते. तयार इमारतीत कमोड काढून उकिडव्या बैठकीचे भांडे बसवायचे असेल, तर पहिला प्रश्न स्लॅबच्या खोलीचा विचारावा. जागाच नसेल तर चौथरा बांधून भांडे वर घ्यावे लागते, आणि मग पायरी चढण्याचा त्रास वाढतो.

गुडघेदुखी असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना कमोडच बरे पडते. बसून वापरण्याच्या भांड्यातही उकिडव्या बैठकीचा काही लाभ मिळवायचा असेल तर पायाखाली बुटका पाट किंवा स्टूल घेऊन गुडघे वर आणावेत. दोन्ही प्रकारे वापरता यावे म्हणून रुंद कडांवर पाय ठेवायची सोय असलेली अँग्लो-इंडियन भांडीही मिळतात, पण ओल्या कडेवर पाय ठेवून उंचावर उकिडवे बसण्यात घसरून पडण्याचा धोका आहे, म्हणून मी ती सुचवणार नाही.

कमोडची उंची हा दुर्लक्षित राहणारा विषय आहे. नेहमीच्या कमोडची उंची ३८० ते ४०० मि.मी. असते, तर ४३० ते ४८० मि.मी. उंचीचे कमोड वयस्कर आणि उंच माणसांना उठण्यासाठी सोपे जाते. उंच कमोड सर्वांनाच चांगले असे मात्र नाही. लहान मुलांचे आणि बुटक्या व्यक्तींचे पाय अधांतरी राहतात, आणि पाय टेकलेले नसले तर पोटाचे स्नायू नीट काम देत नाहीत. घरात एकच शौचालय असेल तर मधली उंची घेऊन मुलांसाठी पाट ठेवणे आणि वृद्धांसाठी भिंतीला पक्का दांडा बसवणे, हा तोडगा मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

रचनेच्या दृष्टीने जमिनीवरच्या कमोडचे दोन मुख्य प्रकार आहेत. टाकी वेगळी असून भांड्यावर बोल्टने जोडलेली असेल तर तो दोन भागांचा कमोड. तो वाहून न्यायला सोपा असतो आणि टाकीला तडा गेला तर बहुधा तेवढीच बदलता येते, पण जोडावरचा रबरी गॅस्केट काही वर्षांनी झिजून गळू शकतो. टाकी आणि भांडे सलग असेल तर तो जोड नाहीसा होतो आणि पुसणे सोपे जाते, मात्र वजन वाढते आणि काही बिघडले तर सगळेच काढावे लागते.

भिंतीला टांगलेल्या कमोडखालची फरशी पूर्ण मोकळी राहते आणि झाडणे-पुसणे फार सुलभ होते. युरोपीय मानकानुसार अशा भांड्याची ४०० किलो भाराची चाचणी घेतली जाते, त्यामुळे भांडे वजनाने तुटेल ही भीती बाळगायचे कारण नाही. काळजी घ्यायची ती भिंतीची. पोकळ विटांच्या किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीत नुसते बोल्ट मारून हे भांडे टांगू नये. लोखंडी चौकट जमिनीला आणि भिंतीला घट्ट बांधून तिच्यावरच भार द्यावा. भांड्याच्या दोन बोल्टमधले अंतर १८० किंवा २३० मि.मी. असते आणि चौकट त्याच अंतराची असल्याची खात्री भिंत बंद करण्याआधी करावी. चौकट आणि आतली टाकी यांसाठी भिंतीची खोली साधारण १०० ते २०० मि.मी. जाते, तेव्हा अशा कमोडने «जागा वाचते» हे नेहमी ऐकू येणारे विधान प्रत्येक घरात खरे ठरेलच असे नाही.

भांड्याच्या आत पाणी कसे काम करते

फ्लशविषयी बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवले की गोंधळ बराच कमी होतो. पाणी भांड्यात आल्यावर मैला कसा नेते हा पहिला, आणि ते पाणी कुठून व किती जोराने येते हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाची दोन प्रमुख उत्तरे आहेत. वॉशडाउन पद्धतीत पाणी कडेवरून वेगाने उतरते आणि आपल्या जोरानेच मैला ट्रॅपपलीकडे ढकलते. निचऱ्याचा मार्ग आखूड आणि रुंद, बहुधा ७५ ते १०० मि.मी.चा असतो, म्हणून भांडे सहसा तुंबत नाही, पाणी कमी लागते, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी बादली एकदम ओतूनही काम होते. उणीव अशी की साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्याने मैला कोरड्या चिनीमातीवर पडून डाग राहतात आणि ब्रश अधिक वेळा हातात घ्यावा लागतो.

सायफन पद्धतीत निचऱ्याचा मार्ग लांब, वळणदार आणि अरुंद, साधारण ५० ते ६० मि.मी.चा असतो. फ्लश केल्यावर पाण्याची पातळी झपाट्याने चढते, त्या वळणातली हवा बाहेर पडून ते पूर्ण पाण्याने भरते, आणि खाली उतरणारा पाण्याचा स्तंभ मागचे सगळे ओढून नेतो. शेवटी हवा शिरली की घरघर आवाज होऊन ओढ तुटते आणि टाकीतून येणाऱ्या बारीक धारेने ट्रॅप पुन्हा भरतो. या भांड्यात पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने डाग आणि वास कमी येतो. पण अरुंद मार्गामुळे जाड कागद किंवा ओले टिश्यू टाकले गेले तर ते तुंबण्याचा संभव जास्त असतो, आणि पाणी हळू सोडले तर ओढ सुरूच होत नाही. दुकानदाराने नाव सांगितले नाही तरी दोहोंतला फरक ओळखता येतो. तळाशी वीतभर रुंद, शांत पाणी दिसले तर तो सायफन, आणि खोलगट जागेत मूठभर पाणी दिसले तर वॉशडाउन.

भोवऱ्यासारखे पाणी फिरवणारी भांडी या दोन्ही जातींत येतात. रिमलेस भांड्यात कडेखालची बंद पन्हाळ नसते, त्यामुळे जिथे ब्रश पोहोचत नाही अशी जागाच उरत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतली ही अत्यंत उपयोगी सुधारणा आहे असे माझे मत आहे. मात्र नळाचा दाब किंवा टाकीतली पातळी प्रमाणाबाहेर असेल तर अशा भांड्यातून शिंतोडे उडतात, म्हणून बसवल्यावर पातळी जुळवून घ्यावी.

पाणी कुठून येते: टाकी की व्हॉल्व्ह

भांडे धुवायला सेकंदाला सुमारे दीड लिटर पाणी लागते, आणि घरातला साधा नळ सेकंदाला ०.१ ते ०.२ लिटरच देतो. टाकीचे सगळे महत्त्व यातच आहे. ती मिनिटभर हळूहळू भरते आणि साठवलेले पाणी चार-पाच सेकंदांत एकदम सोडते, त्यामुळे नळाचा दाब कमी असला तरी फ्लशचा जोर कमी होत नाही, फक्त पुन्हा भरायला वेळ जास्त लागतो. पूर्वीच्या साखळी ओढण्याच्या टाक्या डोक्यावर उंच लावलेल्या असत, कारण उंचीने पाण्याला वेग मिळे. आजची टाकी भांड्याला लागून असते आणि उंचीची भरपाई मोठ्या तोंडाच्या व्हॉल्व्हने केली जाते.

टाकीचे झाकण उचलून एकदा आत नक्की पाहावे. एका बाजूला पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह असतो, ज्याचा तरंगता गोळा किंवा पेला पाणी वर आले की नळ बंद करतो. मध्यभागी पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, ज्याच्या तळाशी रबरी झडप किंवा वायसर बसलेला असतो. आणि एक उघडी उभी नळी असते, जी पातळी चुकून वाढल्यास जादा पाणी भांड्यात सोडते. पाण्याची योग्य पातळी या नळीच्या तोंडाच्या साधारण २५ मि.मी. खाली असते. टाकीच्या बहुतेक सगळ्या तक्रारी या तीन भागांतल्याच असतात आणि त्यांपैकी बऱ्याच घरच्या घरी दूर करता येतात.

भिंतीत दडवलेली टाकी दिसायला सुबक आणि आवाजाला कमी असते. तिची दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागच्या चौकोनी खिडकीतून हात घालून करायची असते. म्हणून ती खिडकी टाइलने झाकली जाणार नाही, आतला बंद करायचा कॉक हाताला लागेल, आणि सुटे भाग पुढेही मिळतील, या तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय ही टाकी भिंतीत बंद करू नये. तसेच टाइल्स लावण्याआधी ती भरून किमान दिवसभर गळतीवर लक्ष ठेवावे.

टाकी न ठेवता थेट पाइपवर बसवलेला फ्लश व्हॉल्व्ह लगेच पुन्हा वापरता येतो, म्हणून गर्दीच्या ठिकाणी तो योग्य ठरतो. घरात तो लावताना मात्र गणित करावे लागते. त्याला २५ ते ३२ मि.मी. किंवा अधिक व्यासाचा स्वतंत्र पाइप आणि वाहत्या पाण्याचा साधारण १ बार दाब हवा असतो. पाण्याच्या १ मीटर उंचीने ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे छतावरची टाकी व्हॉल्व्हच्या १० मीटर वर असली तरच १ बारची आशा धरता येईल, आणि त्यातूनही पाइपमधल्या घर्षणाने काही भाग जातो. चार मजली इमारतीत तळमजल्यावर जो व्हॉल्व्ह जोरात चालतो तोच वरच्या मजल्यावर मुळमुळीत का चालतो, याचे कारण हेच. कमी दाबासाठी ४० मि.मी.सारख्या मोठ्या तोंडाचे व्हॉल्व्ह मिळतात. तरीही सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दाबवाढीचा पंप नसेल तर टाकीच घ्यावी.

बंद पात्रात हवा दाबून त्या जोराने पाणी सोडणाऱ्या टाक्याही असतात. त्यांचा फ्लश जबरदस्त असतो, पण आवाजही तितकाच मोठा असतो, त्यामुळे शयनगृहाला लागून असलेल्या शौचालयात त्या टाळाव्यात.

किती लिटर

जुन्या टाक्या एका वेळेला १० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडत. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून घरगुती कमोडसाठी सुमारे ६ लिटरची मर्यादा आली. ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्पसन यांनी कॅरोमा या कंपनीत १९८० मध्ये दोन बटणांची टाकी तयार केली होती. तिच्यात मोठा फ्लश ११ लिटरचा आणि लहान साडेपाच लिटरचा होता. आज ६ आणि ३ लिटरची जोडी सर्रास आढळते, आणि साडेचार व ३ लिटरचीही मिळते.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकजण दिवसातून एकदा मोठा आणि चारदा लहान फ्लश वापरतो असे धरू. १० लिटरच्या टाकीला २०० लिटर लागतील, ६ लिटरच्या एकाच बटणाच्या टाकीला १२० लिटर, आणि ६ व ३ लिटरच्या जोडीला ७२ लिटर. शेवटच्या दोहोंतला ४८ लिटरचा रोजचा फरक वर्षाला १७,५२० लिटर होतो. अर्थात हा लाभ योग्य बटण दाबले तरच मिळतो. पुष्कळ घरांत पाहुण्यांना तर सोडाच, घरातल्यांनाही लहान बटण कोणते हे माहीत नसते, तेव्हा ते मुलांसकट सर्वांना एकदा दाखवून द्यावे.

आपली टाकी प्रत्यक्षात किती पाणी सोडते हे मोजायचे असेल तर टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करावा, आतल्या पातळीवर पेन्सिलने खूण करावी, फ्लश करावा, आणि मापाच्या भांड्याने पाणी ओतत पुन्हा खुणेपर्यंत टाकी भरावी. जितके लिटर ओतले गेले तितका आपला फ्लश.

पाणी वाचवण्यासाठी जुन्या टाकीत वीट ठेवण्याचा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. तो मानू नये. विटेचे कण सुटून झडपेत अडकतात, आणि १० लिटरसाठी घडवलेले भांडे ७ लिटरमध्ये साफ होत नसेल तर माणूस दोनदा फ्लश करतो व वाचण्याऐवजी पाणी जास्तच जाते. कमी पाण्याचा फ्लश हवा असेल तर त्यासाठीच बनवलेले भांडे आणि टाकी एकत्र घ्यावी. भांड्याची ताकद पाहण्यासाठी काही देशांत मॅप नावाची चाचणी वापरली जाते. तिच्यात सोयाबीनच्या लगद्याचे ठरावीक वजनाचे गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातात ते पाहतात आणि कमाल गुण १,००० ग्रॅमचे असतात. माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असेल तर विक्रेत्याच्या स्तुतीपेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

कमी पाण्याच्या फ्लशला पाइपचा ढाळही बरोबर लागतो. ११० मि.मी.च्या आडव्या पाइपला ४० ला १ ते ६० ला १, म्हणजे दर मीटरला सुमारे १७ ते २५ मि.मी. उतार असावा. उतार कमी पडला तर मैला वाटेतच थांबतो. वळणाच्या जागी ९० अंशांचा एक बाक देण्याऐवजी ४५ अंशांचे दोन बाक दिले तर मैला सहज पुढे सरकतो.

बसवताना आणि पुढे

चांगल्या चिनीमातीची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्यांहून कमी असते आणि वरची झिलई अखंड असेल तर घाण धरत नाही. घेण्यापूर्वी भांड्याच्या कडेवर बोटाच्या पेराने हलके टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर भांडे शाबूत आहे, बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शंका घ्यावी. झिलई निचऱ्याच्या मार्गातही आहे का, हे तोंडातून बोट आत फिरवून पाहता येते.

भांडे फरशीवर सिमेंटमध्ये रुतवून बसवण्याची सवय अनेक गवंड्यांना असते. सिमेंट आक्रसते तेव्हा तळाला तडे जाऊ शकतात आणि पुढे भांडे काढताना ते फुटतेच. पाइपवर रबरी किंवा मेणाची कडी, फरशीत प्लग आणि बोल्ट, आणि कडेने सिलिकॉन, ही पद्धत धरावी. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, कारण एकाच बाजूला जोर दिल्यास चिनीमाती चिरते. सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे आतली कडी गळू लागली तर पाणी तिथून बाहेर दिसेल आणि फरशीखाली मुरत राहणार नाही.

नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर कडेखालची छिद्रे काही महिन्यांत बुजतात आणि फ्लश मंद वाटू लागतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचे द्रावण रात्रभर राहू देऊन ती मोकळी करावीत. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या रबरी वायसर खातात, त्या वापरू नयेत. आणि वर्षातून दोनदा तरी टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला तर झडप गळते आहे. अशा आवाज न करणाऱ्या गळतीतून दिवसाला शेकडो लिटर पाणी जाऊ शकते. झडप काढून तिच्यावरचा आणि तिच्या बैठकीवरचा क्षार पुसावा, तरीही रंग उतरत राहिला तर जुना वायसर सोबत नेऊन त्याच मापाचा नवा आणावा आणि बसवून झाल्यावर रंगाची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी.